वाहणारा कान, मेंदूतलं गळू आणि पालकांची भीती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घणसोलीहून तुम्ही लिहिलंत, की मुलांच्या मेंदूतल्या गळवावरचा माझा लेख पालकांना घाबरवतो, आता कान फुटलेलं प्रत्येक पोर सीटी स्कॅनच्या रांगेत लागेल, आणि औषधं असताना डोक्याला भोक पाडायचंच कशाला?

कान वाहणाऱ्या बहुतेक मुलांना स्कॅन लागत नाही, हे अगदी खरं. कान कोरडा ठेवला, योग्य औषध दिलं की भागतं. पण ठाण्या-कळव्याच्या ओपीडीत असंही मूल येतं, ज्याचा कान महिनोन्महिने वाहतोय, घाण वास मारतोय आणि घरी कोमट तेलाचे थेंब चालू आहेत. अशा मुलाचं डोकं दिवसेंदिवस जास्त दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, ते सुस्तावलं, चालताना तोल जाऊ लागला किंवा फिट आली, तर थांबायचं नाही. कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच काय तो असतो; कानातला संसर्ग तो ओलांडून आत गेला, की मेंदूत पूचं गळू होतं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कित्येकांना तो नसतोच. आणि अशा वेळी स्कॅनआधी पाठीतलं पाणी काढणं जिवावर बेतू शकतं, कारण आतल्या दाबाने मेंदू खाली सरकतो.

भोकाबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. स्कॅनमध्ये कडा उजळलेली गोल गाठ दिसते, पण आपल्याकडे तशी गाठ टीबीचीही असते. एमआरआयने बराच उलगडा होतो, तरी जंतू कोणता ते पू सांगतो. साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान गळू कधीकधी नुसत्या औषधांवर विरतं. मोठ्या गळवात औषध पुरेसं पोचत नाही. तिथे न्यूरोसर्जन छोट्या छिद्रातून सुई घालतात, सिरिंजमध्ये दाट, बहुतेकदा दुर्गंधी पू येतो आणि मेंदूवरचा दाब लगेच उतरतो. तोच पू हवा न लागू देता कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायचा. त्यानंतरही साधारण ६ ते ८ आठवडे अँटिबायोटिक्स, त्यातली बरीचशी शिरेतून. मूल त्याआधीच खेळायला लागतं, पालक घरी सोडा म्हणतात, आणि तिथे मी अडून बसते. ज्या कानातून हे सुरू झालं, त्याचं ऑपरेशन राहिलं, तर गळू पुन्हा होऊ शकतं.

शेवटी तुम्ही ओघात लिहिलंय, की पुतण्याचा कान पावसाळ्यापासून वाहतोय. तेल आजच बंद करा आणि या आठवड्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोकं दुखतंय का, हे त्याला आज रात्रीच विचारा.