मागच्या सीटवरचा पुरावा

डिसेंबरात पुण्याला आले की पहिल्या दोन दिवसांत काकांशी हेल्मेटवरून एकदा वाजतंच. काका पंचाहत्तरीचे, राहायला नारायण पेठेत, रोज सकाळी काकूंना डबलसीट घेऊन ॲक्टिव्हावरून मंडईत जाणार आणि येणार. हेल्मेट त्यांच्याकडे आहे. ते काकूंच्या कोपरात अडकवलेलं असतं आणि पुढच्या चौकात मामा उभे दिसले की काकांच्या डोक्यावर चढतं. मामा मागे पडले की परत कोपरात.

1988च्या मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं 129वं कलम काकांना तोंडपाठ आहे. विरोध करायचा तर आधी नीट वाचावं, या मताचे ते आहेत. 2019च्या जानेवारीत सक्तीची अंमलबजावणी नव्याने सुरू झाली तेव्हा ते विरोधकांच्या बाजूला उभे होते, आणि कायद्यात शिखांच्या पगडीला सूट आहे तर पुणेरी पगडीने काय घोडं मारलंय, हा त्यांचा तेव्हाचा लाडका प्रश्न होता. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, पेठेत गाडी वीसच्या वर जातच नाही, आधी खड्डे बुजवा, हे सगळं मी दरवर्षी ऐकते. यंदा मात्र त्यांनी नवा डाव टाकला.

“हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असतो. तो वाचतो स्वभावामुळे आणि श्रेय खातं हेल्मेट. यावर तुझं संख्याशास्त्र काय म्हणतं, सांग.”

संख्याशास्त्र म्हणतं, काका, तुम्ही बरोबर बोलताय. मी इंग्लंडात साउदॅम्प्टनला शिकवते तिथल्या एका पोराने तीनच आठवड्यांपूर्वी वर्गात जवळजवळ हेच वाक्य म्हटलं होतं आणि मी वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती. काकांना हे सांगितलं नाही. वर्षभर पुरलं असतं त्यांना.

तो वर्ग असा असतो. प्रत्येकाने प्रसिद्ध झालेला एक निरीक्षणात्मक अभ्यास निवडायचा. म्हणजे ज्यात संशोधकाने कुणाला काही दिलं नाही, कुणाचं काही बंद केलं नाही, लोक जसे जगतात तसं नुसतं टिपून ठेवलं. तो वीस मिनिटांत सगळ्यांपुढे मांडायचा आणि मग त्याची चिकित्सा करायची. माझे नियम दोनच. पहिला, मांडणी अशी हवी की मूळ लेखक मागच्या बाकावर बसलेला असता तर त्याने मान डोलावली असती. आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. खंडनाची घाई झालेल्या विशीतल्या पोरांना तो इंग्रजीत समजावताना मला घाम फुटतो. दुसरा नियम, दोष दाखवलात तर तो दोष उत्तराला कुठल्या बाजूला ओढतो आणि साधारण किती, तेही सांगा. नाही सांगता आलं तर दोषाचे गुण नाहीत.

या दुसऱ्या नियमावर सगळे आपटतात. सुरुवातीचे तीन-चार आठवडे वर्गात एकच आरती चालते: नमुना लहान आहे, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, आणखी संशोधन व्हायला हवं. कुठलाही अभ्यास आणा, हीच आरती चालते. परदेशातली मुलं प्रश्न विचारतात आणि आपली पाठ करतात, असं पुण्यात मला अनेक जण ऐकवतात. प्रश्नही पाठ करता येतात हे त्यांनी पाहिलेलं नाही.

अर्थात मी कुठल्या तोंडाने बोलते? बी.एस्सी., एम.एस्सी. पुण्यात केलं. संख्याशास्त्रातली ती प्रसिद्ध क्रामर-राव असमानता झोपेतून उठवून विचारलीत तरी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण त्या पाच वर्षांत छापून आलेला एकही अभ्यास मुळातून वाचून त्यावर बोलायला मला कुणी उभं केलं नाही. वाद घालायची सवय लागली ती काकांच्या ओट्यावर, आणि तिथे दुसरा नियम नव्हता.

वर्गात मी दरवर्षी फिशरची गोष्ट सांगते. रोनाल्ड फिशर हे आधुनिक संख्याशास्त्राचे जवळजवळ जनक. जन्म चुकून लंडनला झाला, खरा गृहस्थ सदाशिव पेठेतलाच. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि रुग्णालयातले इतर रुग्ण यांच्या विडीकाडीच्या सवयी ताडून पाहिल्या, 1951 पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांचा माग ठेवला, आणि सिगारेटकडे बोट दाखवलं. पाइप ओढणारे फिशर म्हणाले, कशावरून? एखादा आनुवंशिक गुणच असा असेल, की ज्यामुळे माणूस सिगारेटही ओढतो आणि त्याला कॅन्सरही होतो. शंका अगदी रास्त होती. (तंबाखूवाल्यांनी त्यांना सल्लागार नेमलं होतं हेही मी सांगते, पण शेवटी. माणसाचा खिसा पाहून शंका निकालात काढायची सवय पोरांना लागू नये म्हणून.) 1959 साली अमेरिकेतल्या जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्या शंकेला तराजूत घातलं. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर नऊ पट असेल आणि तो सगळा त्या लपलेल्या गुणामुळे असेल, तर तो गुण सिगारेट ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या निदान नऊ पट तरी आढळायला हवा. असा गुण दाखवा. आजवर कुणी दाखवलेला नाही.

यातलं बरंचसं इंग्लंडात घडलं म्हणून तिथली माणसं रोज तराजू घेऊन हिंडतात असं समजू नका. मोटारसायकलला तिथे 1973 पासून हेल्मेट सक्तीचं आहे, सायकलला नाही. माझे दोन सहकारी सायकलने येतात, बोडक्या डोक्याने. विचारलं की इयन वॉकर यांनी बाथ विद्यापीठात असताना केलेला, 2007चा अभ्यास पुढे करतात. वॉकर यांनी सायकलला मोजपट्टीचं यंत्र लावून मागून पुढे जाणाऱ्या गाड्या किती अंतर ठेवतात ते टिपलं. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जात होत्या. लांब केसांचा विग घातल्यावर मात्र लांबून. मग 2013 साली दोघांनी त्यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि एक मीटरच्या आतून जाणं म्हणजेच ‘जवळून’ असं धरलं, तर हेल्मेटचा फरक टिकत नाही असं म्हटलं. वॉकर यांनी त्यालाही उत्तर दिलं. माझ्या सहकाऱ्यांना यातलं पहिलंच प्रकरण ठाऊक. काकांना आणि त्यांना एका ओट्यावर बसवलं तर छान जमेल, फक्त चहा दोन तऱ्हेचा करावा लागेल.

यंदाच्या सत्रात एका मुलीने पुण्याचाच अभ्यास निवडला, आणि माझी जरा पंचाईत झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993च्या सुमारास जवळच्या सहा गावांतल्या बायकांची, गर्भारपणातल्या आहाराची आणि बाळांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातून 2003 साली जो निष्कर्ष छापून आला, त्यात तुलनेला साउदॅम्प्टनची बाळं होती. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिथलं 3.5. आपलं बाळ वजनाने, पोटाने, दंडाने लहान; पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. हडकुळं आणि तरी चरबीचं. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होत असेल का, हा त्यामागचा प्रश्न. त्याच बायकांवरच्या 2001च्या लेखात आणखी एक गोष्ट दिसली होती: ज्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी होती.

मुलीने मांडणी सुरेख केली. चिकित्सा करताना म्हणाली, भारतातली गरीब खेडी आहेत, निष्कर्ष इतरांना लागू होणार नाहीत. मी विचारलं, मागच्या आठवड्यात ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासावर तू हे का नाही म्हणालीस? सगळे एका देशाचे, एका पेशाचे, आणि गाजलेले निष्कर्ष तर पुरुष डॉक्टरांवरचे. ती गप्प. मग हळूच म्हणाली, ते लक्षातच नाही आलं. मलाही विद्यार्थिनी असताना आलं नव्हतं. साहेबाचं शरीर म्हणजे माणसाचं शरीर, आणि आपलं म्हणजे भारतीय ग्रामीण शरीर, ही विभागणी आपणही निमूट गिळलेली असते.

खरी शंका दुसरीकडे होती, आणि ती वर्गातल्या कुणापेक्षा मला सहज सुचली, कारण मी त्या भागातली. पालेभाजी जास्त खाणारी बाई कोण? जिच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी आहे ती. जिची सासू ताटात वाढताना हात आखडत नाही ती. मग बाळ मेथीने मोठं झालं की विहिरीने? म्हणजे दोष भाजीचं श्रेय फुगवणारा. आता किती, ते सांगा.

याचं उत्तर मुंबईच्या वस्त्यांत शोधलं गेलं. तिथे साडेसहा हजारांवर बायकांचे गट चिठ्ठ्या टाकावेत तसे पाडले. एका गटाला दिवस राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांद्यासारख्या जिन्नसांचा. 2014 साली आकडे छापून आले. बाळांच्या वजनात एकंदरीत फरक 26 ग्रॅम, म्हणजे योगायोगानेही दिसू शकेल इतकाच. ज्यांनी दिवस राहायच्या निदान तीन महिने आधी सुरुवात केली होती त्यांच्यात 48 ग्रॅम, पण अगदी रोड बायकांच्या बाळांना काही फायदा दिसला नाही. विहिरीच्या शंकेत बरंच तथ्य होतं, सगळं नव्हतं. वर्गात त्या दिवशी आरती झाली नाही.

या तऱ्हेचं भांडण पुण्याला परकं मुळीच नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली गरिबी मोजताना माणशी रोज 2250 उष्मांकांची रेघ धरली. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे म्हणाले, एकाच माणसाची गरज दिवसागणिक खालीवर होत असते, सरासरीच्या खाली दिसला तो उपाशी असं धरू नका. दांडेकरांना ते पटलं नाही. दोघेही पुण्याचे, दोघेही पट्टीचे भांडणारे, आणि वर्षानुवर्षं आकड्यांनिशी, जाहीर छापून भांडले. दोघांनीही दुसरा नियम पाळला होता, म्हणून ते वाद मी आजही वर्गात नेऊ शकते. ओट्यापर्यंत तो नियम का आला नाही, याचं मला कोडं आहे. परदेशात राहून घरच्या वादांना हसणारे बरेच भेटतात. मला हसू येत नाही. काकांसारखी शंका फुकट आयती सुचणारी माणसं मला वर्गात मिळाली तर माझे निम्मे तास वाचतील.

तर काकांना मी म्हटलं, तुमची शंका मान्य. जपून चालवणारा मुळातच वाचणार. मग एकाच गाडीवरच्या दोघांना पाहू. गाडी तीच, वेग तोच, चालवणाऱ्याचा स्वभाव तोच, धडक तीच. एकाच्या डोक्यावर हेल्मेट, दुसऱ्याच्या नाही.

काका क्षणभर थांबले. “मागचा जास्त फेकला जातो.”

हेही बरोबर. म्हणून पुढच्याने घातलंय आणि मागच्याने नाही अशा जोड्या, आणि उलट्या जोड्या, दोन्ही घ्यायच्या. अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदींवरून 1988 साली एव्हान्स आणि फ्रिक यांनी हे केलं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 28 टक्क्यांनी कमी. 2002 साली दुसऱ्यांनी थोड्या वेगळ्या रीतीने केलं, 39 टक्के. जोड्याबिड्या न लावता केलेल्यांसकट सगळ्या तऱ्हेचे 61 अभ्यास एकत्र करून 2008 साली जो आकडा आला तो 42 टक्क्यांचा. तुमच्या स्वभावाचा वाटा द्या काढून. उरतं त्याचं काय?

“अमेरिकेतले रस्ते,” काका म्हणाले. “पेठेत वीसच्या वर...”

इथे मात्र मला माघार घ्यावी लागली. वीसच्या वेगातल्या नारायण पेठेबद्दल त्या नोंदी काही सांगत नाहीत. आणि सक्ती असावी की नसावी हे तर आकड्यांनी सुटणारं प्रकरणच नव्हे. तिथे काकांचं मत त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. पण काका विद्यापीठाच्या चौकातही हेल्मेट कोपरातच ठेवतात, आणि तिथे वीसचा वेग नसतो, एवढं मी बोललेच.

काकू इतका वेळ मटार सोलत बसल्या होत्या.

“अगं, त्या नोंदींमध्ये मागची मेली की हेल्मेट होतं का नव्हतं ते लिहितात ना?”

“लिहितात, काकू.”

“मग हेल्मेट तिच्या कोपरात असलं तर काय लिहितात?”

मी काकांकडे पाहिलं. काका मटारच्या टरफलांकडे पाहत होते.

“आणि अहो,” काकू म्हणाल्या, “एवढे अभ्यास झालेच आहेत, तर आपल्या घरात हेल्मेट एकच का आहे?”