सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवता येतो, पण क्लास आधी लोड करा

‘पीएचपीच्या सेशनमध्ये स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट राहत नाही, सगळं अ‍ॅरेत बदलून ठेवा’ असा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो (सेशन म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना सर्व्हरवर जपून ठेवलेली वापरकर्त्याची माहिती). तो चुकीचा आहे.

घोळ असा होतो. पहिल्या पानावर ‘कार्ट’चा ऑब्जेक्ट सेशनमध्ये टाकला, तिथे सगळं व्यवस्थित. दुसऱ्या पानावर त्याची मेथड बोलावली की एरर, आणि व्हार-डंप केला (म्हणजे व्हेरिएबलच्या आत काय आहे ते छापलं) तर ‘इनकम्प्लीट क्लास’. डेटा कुठेही गेलेला नसतो. सर्व्हरवरची सेशनची फाइल उघडून पाहा: क्लासचं नाव, त्या नावाची अक्षरसंख्या, प्रॉपर्टींच्या किमती, सगळं जागच्या जागी दिसेल. मेथडचा कोड मात्र तिथे कधीच साठवला जात नाही. तो क्लासच्या फाइलमधूनच यावा लागतो, आणि तोही सेशन सुरू होण्याआधी. म्हणून क्लासची रिक्वायर ओळ (किंवा ऑटोलोडर, म्हणजे गरजेनुसार क्लासची फाइल आपोआप लोड करणारा कोड) सेशन-स्टार्टच्या वर हवी. बहुतेक वेळा दुरुस्ती एवढ्या एका ओळीची असते! पीएचपी-आयएनआय या पीएचपीच्या सेटिंग-फाइलमध्ये सेशन आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू असेल, तर ओळ वर नेऊनही उपयोग नाही. आधी ती सेटिंग बंद करा.

ऑब्जेक्ट स्वतः सीरियलाइज करून (म्हणजे साठवण्याजोग्या मजकुरात बदलून) ठेवायचीही गरज नाही, ते काम पीएचपी करतंच.

अफवेत तथ्य एवढंच, की काही वस्तू खरोखर साठवता येत नाहीत. डेटाबेसचं पीडीओ कनेक्शन किंवा क्लोजर (निनावी फंक्शन) ऑब्जेक्टच्या आत असेल, तर एक्सेप्शन येतं. तेवढी प्रॉपर्टी साठवण्याआधी चालणाऱ्या स्लीप मेथडमधून वगळा आणि कनेक्शन, ऑब्जेक्ट परत वाचताना चालणाऱ्या वेकअपमध्ये पुन्हा उघडा.