‘बाइंडिंग चालतच नाही’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला प्रोग्रामिंग क्लासचालकाचं उत्तर

नमस्कार. क्लासमध्ये तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. बॅच उशिरा सुरू होते, बाकं अरुंद आहेत, हे मान्य. दादर स्टेशनजवळ या भाड्यात मोठी जागा मिळत नाही, तरी बघतो काहीतरी.

पण ‘सरांनी शिकवलेलं बाइंडिंग चालतच नाही, नग टाईप केले तरी बिलाची एकूण रक्कम हलत नाही, फी पाण्यात गेली’ हे वाचून फार लागलं. बाइंडिंग म्हणजे स्क्रीनवरचा रकाना आणि प्रोग्राममधला आकडा यांची जोडणी. डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, टेक्स्टबॉक्समधला (टाईप करायच्या रकान्यातला) मजकूर मुळातच फोकस सुटल्यावर, म्हणजे कर्सर दुसरीकडे गेल्यावर, व्ह्यू मॉडेलकडे (स्क्रीनमागचे आकडे सांभाळणाऱ्या कोडकडे) जातो. मायक्रोसॉफ्टने ते मुद्दाम तसं ठेवलंय. प्रत्येक अक्षराला अपडेट झालं तर स्क्रीन मंदावू शकते, आणि १० ऐवजी १०० दाबलं गेलं तर खोडायलाही सवड मिळत नाही. टाईप करता करताच बेरीज हवी असेल तर बाइंडिंगमध्ये अपडेटसोर्सट्रिगर या सेटिंगला प्रॉपर्टीचेंज्ड ही किंमत द्यायची, बस्स. हे सगळं फळ्यावर लिहिलं होतं हो! त्या रविवारी मेगाब्लॉक होता, तुम्ही चहाच्या सुट्टीनंतर पोचलात. त्यात तुमचा दोष नाही, पण माझाही नाही.

तरी सगळे गेल्यावर मी तुमच्या लॅपटॉपसमोर बसलो. तिथे आणखी एक गोष्ट निघाली. नगाच्या सेटरमधून (नगाचा आकडा बदलणाऱ्या कोडमधून) तुम्ही फक्त नगाच्याच नावाने प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट, म्हणजे ‘हा आकडा बदलला’ अशी स्क्रीनला वर्दी, उठवत होतात. एकूण रक्कम हिशेबाने निघते, म्हणून तिच्या नावानेही तो उठवावा लागतो. नाहीतर आत आकडा बदलतो आणि खिडकीत जुनाच दिसतो. एक ओळ वाढवली, बेरीज हलली. तुम्ही ‘थँक्यू सर’ म्हणालात. रिव्ह्यू त्याच रात्रीचा आहे.

‘२००६ सालची जुनाट टेक्नॉलॉजी’ असंही लिहिलंत. साल बरोबर आहे. पण २०१८ मध्ये डब्ल्यूपीएफ ओपन सोर्स झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि आजच्या डॉट नेटवरही (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मवरही) चालतं, तेवढंही लिहायचं होतं.

नवी मुलं स्टार बघूनच फोन करतात आणि माझं घर या क्लासवर चालतं, म्हणून एवढं लांबण लावलं. पुढच्या बॅचपासून छापील नोट्स वगैरे देणार आहोतच. तुम्ही कुठल्याही रविवारी या. बाइंडिंगमध्ये प्रॉपर्टीचं नाव चुकलं तरी प्रोग्राम बंद पडत नाही, आउटपुट विंडोत मुकाट एक ओळ पडते. ती कशी वाचायची ते तुमचं राहिलंय. वेगळी फी नाही. फक्त लॅपटॉप चार्ज करून आणा, प्लग पॉइंट दोनच आहेत.