टेबलाला हात लावू नये

पॅरिसमध्ये मी सामानासकट घर भाड्याने घेतलं. खरं तर त्या सामानानेच मला ठेवून घेतलं आहे.

खिडकीशी एक लिहायचं टेबल आहे, फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातल्या धाटणीचं. सरळ, निमुळते पाय, त्यांवर पन्हळी, चार कोपऱ्यांना ब्राँझची सोनेरी मेंढ्यांची मुंडकी. (ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ला, पॉम्पेईचं १७४८ला सुरू झालं आणि पुढे युरोपातल्या सुतारांच्या अंगात रोमन आले.) मला वाटलं, अख्खं शिसवी, आजोबांच्या पलंगासारखं. घरमालकीणबाईंनी अज्ञान दूर केलं: आत ओक, शिसवीचा नुसता पातळ पापुद्रा, सरसाने चिकटवलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

हिवाळ्यात रेडिएटर लावला की हवा कोरडी होते, लाकूड आक्रसतं, सरस सोडतो आणि पापुद्रा फुलक्यासारखा फुगतो. बाई येतात, नखाने टकटक करतात आणि पोकळ आवाज आला की टेबलाकडे नाही, माझ्याकडे बघतात. म्हणून मी रेडिएटर मंद ठेवून शाल पांघरतो. कपाचा डाग पडेल म्हणून चहा ओट्याशी उभ्याने. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर. लिहायच्या टेबलावर आजवर मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

मग आई आली, तीन महिन्यांसाठी.

"अरे, हे पितळ किती काळवंडलंय!"

"आई, पितळ नाही गं. ब्राँझ आहे, वर सोनं." मग मी तिला सगळं सांगितलं: पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावत, तापवून पारा उडवत, त्या वाफेने कारागिरांचे हात कायमचे थरथरू लागत.

"सोनं असतं तर काळं पडलं असतं का?"

याला माझ्याकडे उत्तर होतं: दोनेकशे वर्षांची धूळ, मेणबत्त्यांची काजळी. पण आईला उत्तर द्यायला धैर्य लागतं.

काल ऑफिसातून आलो तर दारातच चिंचेचा वास. टेबलाखाली वर्तमानपत्र, त्यावर वाटी, वाटीत चिंचेचा कोळ नि मीठ. डावीकडचं पुढचं मुंडकं लक्ष्मीपूजनाच्या समईसारखं लखलखत होतं. नाकाच्या शेंड्यावर तर सोनं उरलंच नव्हतं, तांबूस ब्राँझ दिसत होतं. घर घेताना सामानाची यादी करतात आणि सोडताना तिच्यातल्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो जुळवून बघतात. मी मटकन खाली बसलो. खुर्चीही यादीत आहे, म्हणून जमिनीवरच.

आईने माझा चेहरा बघितला, पदर खोचला.

"घाबरतोस काय? उरलेली तीनही घासून टाकते. मग फरकच कळणार नाही."