शेंडी वाचवा, जीव वाचवा

आमच्या जिममध्ये एक मुलगा येतो, त्याने दंडावर ॲझ्टेक योद्ध्याचा टॅटू काढून घेतलाय, जग्वारचं तोंड, पिसं, सगळं, आणि म्हणतो कसा, "आपण चुकीच्या काळात जन्मलो यार." म्हटलं ठीक आहे, तुला योग्य काळात पाठवायची तयारी करून देतो. तुमच्यापैकी अजून कोणाला जायचं असेल तर हे वाचून घ्या, मग तक्रार नको.

समजा साधारण १४९० साली तुम्ही ॲझ्टेकांच्या राजधानीत, टेनोच्टिटलानमध्ये जन्मलात, म्हणजे आजची मेक्सिको सिटी, तेव्हा तळ्यातलं बेट. पहिल्याच अंघोळीला सुईण सांगणार, बाळा हे घर तुझं नाही, हे नुसतं घरटं, तुझं खरं घर रणांगण. आणि तुमची नाळ लढाईच्या मैदानात पुरायला योद्ध्यांकडे देणार. बहिणीची नाळ चुलीपाशी. झालं करिअर कौन्सेलिंग, फी नाही काही नाही.

जेवणाचं म्हणाल तर मक्याची भाकरी, तिसऱ्या वर्षी अर्धी, सहा ते बारा दीड, तेरा लागलं की दोन, एका वेळेला. "अजून एक वाढ" म्हणायची सवय असेल तर इथेच सोडून जा. अकराव्या वर्षी उलट उत्तर दिलंत तर वडील तुम्हाला धरून सुक्या मिरच्यांच्या धुरात तोंड कोंबतात, चित्र काढून ठेवलंय त्याचं. आपल्याकडे फोडणीचा ठसका लागला की दोन मिनिटं खोकून आपण आईवर वैतागतो, तिकडे ती शिस्त होती. (मिरची मुळात तिकडचीच, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, शिक्षा करायची पद्धत जहाजात राहिली असावी.)

आता मुख्य गोष्ट, शेंडी. दहाव्या वर्षापासून डोकं भादरून मागे एक शेंडी ठेवतात आणि ती कापायची परवानगी कधी, तर लढाईत शत्रू जिवंत पकडलात की. मारून टाकलात तर मार्क नाहीत, जिवंतच पाहिजे, आणि हातात तर ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेच्या, वस्तऱ्यासारख्या पात्या बसवलेली लाकडी फळी, म्हणजे चुकून जोरात बसली की गेला तुमचा रिझल्ट. पहिल्या वेळी ग्रुप प्रोजेक्ट चालतो, सहा जणांत मिळून एक कैदी. मग त्याचा बळी गेला की त्याचेही सहा वाटे, धड आणि उजवी मांडी लीडरला, बाकीच्यांना उरलेले हातपाय. कोणी कितीचं काम केलं यावरची भांडणं ऑफिसात पाहिलीत ना, तेच फक्त मांडीवरून. पण दोनतीन लढायांत हात हलवत परत आलात तर शेंडी तशीच राहणार आणि गावातल्या पोरी बोट दाखवून हसणार. चार कैदी पकडलेत की मग तो जग्वारचा ड्रेस वगैरे. टॅटूवाल्याला मी विचारलं, चार माणसं जिवंत उचलून आणशील? तो म्हणाला आज लेग डे आहे. आणि एक विसरू नका, समोर त्लाश्काला या शेजारच्या शत्रुराज्याचे लोकही आपापला कैदी न्यायलाच आलेले असतात.

पकडला गेलात तर काय? त्यातही दिसायला बरे असाल तर अजून जपा. तोश्काट्ल नावाच्या सणासाठी कैद्यांतून एकाला वर्षभर तेझकात्लिपोका देव म्हणून मिरवायचे. निवडीच्या अटी वाचल्या तर स्थळं बघणाऱ्या मावश्या लाजतील: फार उंच नको, बुटका नको, केस कुरळे नकोत, नाक चपटं नको, दात पुढे नकोत, बोलताना अडखळायला नको. सहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून ही यादी लिहून ठेवलीय, संपता संपत नाही. निवड झाली की ऐश. बासरी शिकवणार, हातात फुलं, रस्त्यात लोक नमस्कार करणार, पोट सुटलं तर मिठाचं पाणी पाजून बारीक करणार, शेवटच्या वीस दिवसांत चार बायका. मग एका लहानशा देवळापाशी नेणार. पायऱ्या तुम्ही स्वतःच चढायच्या, आणि चढताना वर्षभर वाजवलेल्या बासऱ्या एकेक करून पायरीवर मोडायच्या. वर पुजारी वाट बघत असतात. खाली पुढच्या वर्षीचा देव तयार.

तर थोडक्यात, नजरेत भरू नका. पैसा केलात तर पोच्तेका व्यापाऱ्यांसारखं करा, माल घेऊन रात्री शहरात शिरायचं, नातेवाइकाच्या घरी उतरवायचा, कोणी विचारलं तर "माझा नाही हो", आणि दिवसा फाटकं पांघरून फिरायचं. हे आपल्या लोकांना शिकवायला नको. सुती कपडा घालू नका, तो मोठ्या लोकांचा, तुम्ही घायपाताच्या धाग्याचा घाला, तोही गुडघ्याच्या वरच. खाली आला तर गळ्याशी येतं, पायावर लढाईतली जखम असेल तरच सूट. च्युइंगम चघळायची सवय असेल तर तीही घरीच ठेवा, चिकूच्या झाडाचा चीक तिथे सगळे चघळायचे पण चारचौघांत फक्त लग्न न झालेल्या मुलींनी, पुरुषाने चघळला की नाव ठेवलंच.

पापांचं टेन्शन घेऊ नका. त्लाझोल्तेओत्ल ही घाण खाणारी देवी, तिच्यापुढे कबुली दिली की सगळं माफ, पण आयुष्यात एकदाच, पूर्ण वन टाइम सेटलमेंट. त्यामुळे हुशार लोक म्हातारे होईपर्यंत थांबायचे. पंचविशीत भावनेच्या भरात कबुली देऊन बसू नका.

आणि दारू. घायपाताच्या रसाची पुल्के, आपल्या ताडीची लांबची बहीण. १५४० च्या आसपास काढलेली मेंडोझा नावाची एक चित्रपोथी ऑक्सफर्डमध्ये आहे, तिच्या एका पानावर पिऊन झिंगल्याबद्दल जीव गमावलेली तरुण मंडळी दिसतात. त्याच पानावर खाली एक म्हातारी. सत्तरी गाठली, मुलंबाळं नातवंडं झाली, की हवी तेवढी प्यायची मुभा. सगळे बाजूला बसलेत आणि बाई आरामात वाडगा तोंडाला लावून पितेय. टॅटू काढायचाच असेल तर तिचा काढा.