भिंत दारातच

स्पॅनिश साहित्य आणि कलेत युरोपच्या एकीकरणाबद्दल जी शंका दिसते, तिला ब्रेक्झिटच्या खणात कोंबू नका, ही कळकळीची विनंती. २० फेब्रुवारी २००५ रोजी स्पेनमध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत झालं. होकार सुमारे ७७ टक्के, मतदान मात्र जेमतेम ४२ टक्के. मतपेटीत ही शंका हाती लागत नाही.

ती डोळ्यांनी पाहायची असेल तर सान्तियागो सिएर्राचं २००३ चं काम बघा. व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, स्पेनचं कायमचं दालन आहे. माद्रिदच्या या कलावंताने दर्शनी भिंतीवरचं ‘एस्पान्या’ (स्पेन) हे नाव काळ्या प्लास्टिकने झाकलं. पुढच्या दारातून पाऊल टाकलं की समोर बांधलेली भिंत, वाट बंद. आत जायचं तर इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी यायचं. तिथे गणवेशातले पहारेकरी स्पॅनिश ओळखपत्र किंवा पासपोर्ट मागत. नसेल तर परत फिरा. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांना आत दिसला तो आधीच्या प्रदर्शनाचा उरलासुरला पसारा.

हे काम फक्त आफ्रिकेतून येणाऱ्या स्थलांतरितांबद्दल आहे, असं बरेच जण लिहितात. मला ते अपुरं वाटतं. त्या दारातून इटालियन माणूसही परत गेला, तोही स्वतःच्या देशात! स्पेन आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, दोघांच्या खिशात २००२ पासून त्याच युरोच्या नोटा. नोट चालली, माणूस अडला. बाहेरच्याला थोपवणारी भिंत आतल्यालाही कधी अडवेल याचा नेम नाही, हे सिएर्राने एकही शब्द न लिहिता दाखवलं.

साहित्यात हा वाद जुना आहे. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत १९१० मध्ये बिल्बाओच्या व्याख्यानात म्हणाला, स्पेन हा प्रश्न आणि युरोप हे उत्तर. त्याच्याविरुद्ध स्पॅनिश लेखक उनामुनोचं १९०६ चं ‘शोध त्यांनी लावावेत’ (‘त्यांनी’ म्हणजे बाकीच्या युरोपने) हे वाक्य नेहमी फेकलं जातं. इथे वाचक चुकतो, कारण तो तिथूनच सुरुवात करतो. आधी उनामुनोचे १८९५ चे निबंध वाचा. त्यांत तोच माणूस युरोपसाठी खिडक्या उघडा म्हणतो. अकरा वर्षांनी तो युरोपलाच स्पॅनिश करायला निघाला, पण ते युरोप आतून ओळखणाऱ्याचं बोलणं आहे.

कादंबरीकार सारामागो पोर्तुगीज, पण त्याला वगळता येत नाही. १ जानेवारी १९८६ ला स्पेन-पोर्तुगाल युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) गेले आणि त्याच वर्षी त्याच्या कादंबरीत या दोन देशांचं अख्खं द्वीपकल्प फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतापाशी तुटून अटलांटिकात वाहू लागलं. ते कुठे थांबतं हे नीट पाहा: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मध्ये. तुटण्यापेक्षा ती दिशा मला महत्त्वाची वाटते.

आणि स्पॅनिश कादंबरीकार राफाएल चिर्बेस. २०११ मध्ये युरो संकटाच्या दडपणाखाली स्पेनने संविधानाचं १३५ वं कलम बदललं, कर्जफेडीला अग्रक्रम दिला आणि सार्वमत घेतलंच नाही. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या ‘एन ला ओरिया’ (‘काठावर’) या कादंबरीत नायक एस्तेबानची सुतारशाळा बांधकामाच्या फुग्याबरोबर बुडालेली आहे. कादंबरी उघडते पाणथळीत, आणि तिथलं प्रेत पहिल्यांदा दिसतं ते त्याच सुतारशाळेतून काम गेलेल्या अहमदला, एका मोरोक्कन माणसाला.