पायाखाली गरम, अंगावर गार

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. म्हणू देत, खरं म्हणणाऱ्यातलं कोण जुलै महिन्यात पहाटे साडेपाचला आमच्या न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं नाही. घर बेळगावच्याच शहापूर भागातलं जुनं, न्हाणी मागं, संडास परड्यात त्याच्याही पलीकडं, आणि पावसाळ्यात गारवा जो टाचेतनं शिरतो तो थेट अक्कलदाढेतनं बाहेर पडतो. आईचे गुडघे जूनला धरतात ते दिवाळीलाच सोडतात. मागच्या वर्षी भाचा कॅनडातनं आला, दोन दिवस आमच्यात अंघोळ केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, आमच्याकडं फरशीच गरम असते." झालं, तिथनं न्हाणीत गरम फरशी आणि सोबत अंघोळीचा टब बसवायचा किडा डोक्यात शिरला. फरशी आईसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. टब कुणासाठी ते कुणाला सांगितलं नाही, कारण ती माझी हौस.

मिस्त्री बघून गेला. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला, "आगतैतीरी साहेब." आगतैती म्हणजे होतंय की. कधी होतंय ते त्या शब्दात येत नाही, इतकी वर्षं सीमाभागात राहून हे मला कळायला पाहिजे होतं. आठ दिवस धरले होते, गणपतीच्या आधी सगळं उरकायचं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी जुनी फरशी उकरताना पाण्याची पाईप फुटली. त्याच दिवशी गावाला पाणी देणारं राकसकोप धरण तुडुंब भरल्याचा फोटो पेपरात होता आणि आमच्या घरात चूळ भरायला पाणी नव्हतं.

पुढचा महिनाभर आम्ही अंघोळीला शेजारी. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी आणि गल्लीतनं चाललेला मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पहिल्या दिवशी लोक विचारायचे न्हाणीचं काम काढलंय काय, दहाव्या दिवशी विचारायचे अजून व्हायलंय काय, विसाव्या दिवसापासनं नुसतं बघायचे. मिस्त्री रोज संध्याकाळी "नाळे बर्तेनरी" म्हणून जायचा, आणि नाळे म्हणजे उद्या हे डिक्शनरीत बरोबर आहे, आमच्या घरात नाही.

मग फरशी तापवायची ती विजेची चटई आली. जाळी असते, तिच्यावर साधारण तीन मिलिमीटरची वायर नागमोडी बसवलेली, ती टाईल्सच्या खाली अंथरायची, तिच्याखाली उष्णता जमिनीत जाऊ नये म्हणून बोर्ड, आणि भिंतीवर तापमान राखणारा थर्मोस्टॅट. टबाखाली अंथरायची नाही, तिथं उष्णता कोंडते. वायरमन शहाणा भेटला, चटई गुंडाळलेली असताना, अंथरल्यावर आणि टाईल बसल्यावर असं तीनदा मीटर लावून वायर शाबूत आहे का बघितलं, अर्थिंग नीट करून घेतलं, वेगळा ब्रेकर टाकला. दोन चौरस मीटरला तीनशे वॅट, आमचा मिक्सर याच्याहून जास्त करंट खातो म्हणाला. खरं मिस्त्रीला चटई कोपऱ्यात दुमडायलीय म्हणून तो कटर घेऊन कापायलाच बसला होता. जाळी कापायची, वायर कापायची नाही, हे मी त्याला मराठीत, कानडीत आणि शेवटी नुसतं ओरडून सांगितलं. टाईल बसल्यावर आठवडाभर चालूही करायची नाही, खालचा चिकटा आधी आपोआप वाळला पाहिजे. म्हणजे तयार झालेली गरम फरशी घरात, आणि आम्ही अजून टॉवेल घेऊन शेजारी.

टबाचं काय सांगू. साडेपाच फुटी, पांढराशुभ्र. टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून चार पोरांनी उलटा करून खांद्यावर घेतला आणि मी पुढं, वाट दाखवत. समोरच्या कट्ट्यावरचे तात्या चष्मा न लावता बसलेले, ते उठून उभे राहिले, टोपी काढली आणि हात जोडले. मी काय बोलणार, मी पण हात जोडले. न्हाणीच्या दारातनं टब जाईना ते वेगळंच, चौकट काढावी लागली आणि त्याचे पैसे मिस्त्रीनं वेगळे लावले.

बसला एकदाचा. पहिल्या रविवारी मी कुंदा, म्हणजे आमची बेळगावची मिठाई, वाटला, गीझर लावला आणि आत जाऊन बसलो. आमचा गीझर पंचवीस लिटरचा. साठ डिग्रीचं पाणी वीस डिग्रीच्या नळाच्या पाण्यात मिसळलं की अंगाला सोसेल असं होतं पन्नास लिटर, आणि टबाला लागतं दीडशे तरी. दुकानात हे गणित कोण घालत नाही. पहिला गीझर संपला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत, दुसरा तापेपर्यंत पहिलं निवलं, आणि तिसऱ्याच्या वेळी लाईट गेली. मी उघडा, पाठीला गार अ‍ॅक्रिलिक, नाकापर्यंत शहारे. बाहेरनं बायको म्हणाली, "अहो, बादली देऊ काय?"

आई या सगळ्यात फक्त एवढंच म्हणायची, "हंडा होता तेच बरं होतं रे, सकाळी चार शेणी घातल्या की घरादाराचं पाणी." फरशीवर पाय ठेवायलाही तयार नव्हती, करंट लागेल म्हणून. मी स्वतः तासभर उभा राहून दाखवलं, तरी चप्पल घालूनच जायची.

परवा सकाळी अंघोळीला गेलो तर दार लोटलेलं, थर्मोस्टॅटवर अठ्ठावीस डिग्री, आणि फरशीच्या मधोमध पाटावर झाकण घातलेलं मोठं पातेलं, वर आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. पावसाळ्यात आमच्यात इडलीचं पीठ कधी फुगत नाही, दोन-दोन दिवस तसंच बसतंय. झाकण उचलून बघितलं, काठोकाठ आलेलं.

तेवढ्यात मागनं आई आलीच, अनवाणी. "त्याला हात लावू नकोस," म्हणाली, "आज शेजारी जाऊन अंघोळ कर जा."